गाळलेलं वाक्य

मण्यार चावल्यापासून वैभव व्हेंटिलेटरवर होता. विषानं श्वासाचे स्नायू लुळे पडले होते. फुप्फुसं मात्र चांगली होती. त्याच्या पापण्या थोड्या उचलायला लागल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता नळी काढायचा विचार करू.

आदिलाबादच्या त्या बाल अतिदक्षता विभागात डॉक्टर तेलुगू बोलत आणि महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या बेल्याकडची माणसं मराठी. मधे सिस्टर मैत्री. तीही तिकडचीच, म्हणून वैभवची आई रंजीता तिला ताई म्हणायची.

नळी निघायच्या आतच ताप चढला. नळीतून घट्ट पिवळा कफ येऊ लागला. एक्स-रेवर उजवीकडे पांढरा डाग दिसला.

डॉक्टर बाहेर येऊन घरच्यांशी तेलुगूत सावकाश बोलले. न्यूमोनिया झाला आहे. तो घरून आलेला नाही, इथंच झाला, श्वासाच्या नळीमुळं. कधी कधी आमचीही काळजी कमी पडते. औषध बदललं आहे.

"न्यूमोनिया झाला," मैत्रीनं मराठीत सांगितलं. "औषध बदललं."

मधलं तिच्या तोंडून निघालंच नाही. दोन दिवसांपूर्वी चादर बदलताना तिनं पलंगाची डोक्याकडची बाजू खाली केली होती, आणि दुसऱ्या मुलाकडे धावताना ती वर करायची राहिली. बराच वेळ वैभव सपाट पडून होता; नळी असताना डोकं उंच नसेल तर तोंडातली लाळ फुप्फुसात उतरू शकते. त्यामुळंच झालं असं म्हणता येत नव्हतं. त्यामुळं नाही, असंही.

"अंता चेप्पावा?" सगळं सांगितलंस ना, डॉक्टरांनी विचारलं. तिनं होकारार्थी मान हलवली.

भेटीच्या वेळेला एकालाच आत सोडत. न्यूमोनिया कळल्यापासून रोज आजीच येऊ लागली, भागाबाई. वैभव पापण्यांच्या फटीतून तिच्या मागं, दाराकडं बघत राही.

"रंजीता कुठाय?" मैत्रीनं शेवटी विचारलं.

"बसली हाय बाकड्यावर. तिले कोन येऊ देते आता? ओल्या फडक्यानं पोराची छाती पुसली, सर्दी आत गेली. शिकेल सून आनली, अन् अक्कल बापाच्या घरीच ठेवून आली!"

पुसायला मैत्रीनंच सांगितलं होतं. फडकं भिजवून तिनंच हातात दिलं होतं.

ती बाहेर गेली. रंजीता बाकड्याच्या टोकाला बसली होती.

"कसा हाय ताई? मी दूरच राह्यते. माह्या हाताचं बाधलं त्याले."

मैत्रीचे कान तापले. "नाही बाधलं. फडक्यानं न्यूमोनिया होत नाही. नळीमुळं झाला, इथं. डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं, मीच तुमाले सांगतलं नाही. त्याचं डोकं वर पायजे होतं. मी खाली केलं अन् विसरली."

भागाबाई मागं येऊन उभी होती. "मंग काऊन नाही सांगतलं, बाई? आमी काय मारलं असतं तुले?"

"माह्यावर येईन म्हून," मैत्री म्हणाली. तिला भागाबाईच्या पायांकडंच बघता आलं.

रंजीता उठली. आवाज चढला नाही तिचा. "मी पोराजवळ जाते. तुमी दाक्तरले तिथं आना. त्याईच्या समोर तेलगूत सांगा, मंग मले मराठीत. कायी ठेवू नका."

भागाबाई दारातून बाजूला सरली.

डॉक्टरांच्या खोलीत कुणा मुलाचा बाप बसला होता. तो बाहेर येईपर्यंत मैत्री भिंतीशी उभी राहिली. सिस्टर म्हणून तिला थांबायची गरज नव्हती, एरवी ती सरळ आत जायची.