कुलूप न लागणारा होल्डॉल

माळ्यावर पत्र्याच्या डब्यांमागे जी खाकी गुंडाळी धूळ खात पडली आहे ना, मित्रांनो, तो मी. मी एक जुना होल्डॉल आहे. चाकांच्या बॅगा ओढणाऱ्या तुम्हा मुलांना माझं नावही ठाऊक नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. माझ्या जाड कॅनव्हासच्या पोटात गादी, वाकळ, चादरी पसरायच्या, टोकाच्या खिशांत उशा आणि चपला कोंबायच्या, मग गुंडाळी करून चामड्याचे पट्टे आवळायचे. आवळताना एकाला माझ्यावर गुडघा देऊन बसावं लागे. एवढा त्रास मी सगळ्यांनाच दिला आहे.

माझा जन्म सोलापुरात, एका कॅनव्हासच्या दुकानात झाला. भूमच्या पोस्टात पोस्टमनची नोकरी लागली तेव्हा श्रीपतीनं मला विकत घेतलं. तो सायकलवरून खेडी पालथी घालायचा, पण आगगाडीत बसायची वेळ त्याच्यावर कित्येक वर्षं आली नाही. प्रवास केला तो मी. आमच्या गल्लीत होल्डॉल एकच होता आणि श्रीपतीच्या बायकोला, मालनला, कुणाला नाही म्हणता येत नसे. कुणी नागपूरला दीक्षाभूमीवर निघालं, ने होल्डॉल. कुणाची लेक पुण्याला नांदायला चालली, ने होल्डॉल. दूध सोसायटीचे सभासद डेअरी बघायला आणंदला गेले तेव्हा चेअरमन आण्णासाहेब सुरतेपर्यंत माझ्यावर डोकं टेकून घोरत होते.

बाहत्तरच्या दुष्काळात मात्र मी घरचाच झालो. नवी नवरी मालन तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची आणि मला चार काठ्यांवर ताणून बायांच्या तान्ह्या लेकरांना सावली करायची. माझ्या अंगावरचे फिकट डाग त्याच उन्हाचे आहेत. त्या वर्षी तिनं ढगासाठी आभाळाकडे इतकं बघितलं, की पुढे पाऊसपाणी झालं तरी तिची मान वर जायची ती जायचीच.

पंचाहत्तर साली श्रीपतीनं तिला एका पाकिटावरचं तिकीट सोडवून आणून दिलं. त्यावर आपल्या देशाच्या पहिल्या उपग्रहाचं चित्र होतं.

"हे एवढ्या वर जातं कशानं?" मालननं विचारलं.

"रॉकेटनं."

"ते कसलं असतंय?"

"लांबडं असतंय म्हणे," श्रीपती म्हणाला. त्यालाही तेवढंच माहीत होतं.

मालननं तिकीट सुईदोऱ्याच्या डबीत ठेवलं. सदरा शिवता शिवता ते काढून बघायची आणि परत ठेवायची. असं अकरा वर्षं चाललं.

शहाऐंशी साली श्रीपतीनं पोस्टाची प्रवास सवलत पहिल्यांदा घेतली. कुठं जायचं म्हणून विचारलं, तर मालन एका दमात म्हणाली, "रॉकेट जितनं सुटतंय तितं." बेत ठरला. मालन, श्रीपती आणि त्यांची अकरा वर्षांची लेक गुलाब. आधी मद्रासची आकाशपाळण्यांची बाग, मग त्रिवेंद्रम, आणि त्याच्या जवळचं, रॉकेटं सुटतात ते थुंबा. निघताना शेजारची सारजाबाई दारात आली.

"मालन, होल्डॉल नीट आण गं बाई. पुढच्या म्हयन्यात मला लागतुया."

मालननं मान डोलावली. माझ्याच मालकिणीला मला जपायला सांगितलं जात होतं, आणि गल्लीत कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मला मात्र उगाच फुगल्यासारखं झालं.

कुर्डुवाडीला गाडीत बसेपर्यंत सगळं छान होतं. माझी लाज निघाली ती मद्रासला. मित्रांनो, मला कुलूप लागत नाही. आणि स्टेशनवरच्या सामानघरात कुलपाशिवाय सामान ठेवून घेत नाहीत. पत्र्याची पेटी ऐटीत आत गेली, मी बाहेर राहिलो. मग बागेत मालन एका झाडाखाली माझ्यावर बसली आणि बापलेक पाळण्यात गेले.

"तू जा की, मी बसतो," श्रीपती म्हणाला होता.

"तुमीच जावा पोरीसंगं. मला काय, हितनं बी दिसायलंय."

गुलाब पळत येऊन वरून समुद्र कसा दिसला ते सांगायची आणि परत पळायची. त्रिवेंद्रमच्या बागेत छोटी आगगाडी होती, तिथंही तसंच झालं. गल्लीतल्या सगळ्या बायांचं वजन मला ठाऊक आहे. नागपूर, पुणे मी फाटकाबाहेरूनच बघितलं आणि माझ्यावर बसलेल्या बाईनंही. पण मालनचं ते बसणं मला सोसेना. तिची वाट मीच अडवली होती.

थुंब्याला नारळाच्या झाडांत एक जुनं चर्च आहे. त्यात रॉकेटचं संग्रहालय. दारावरच्या शिपायानं माझ्याकडे बघून हात हलवला. सामान आत न्यायचं नव्हतं.

"आदी पोरीला दावून आणा," मालन म्हणाली. "मी मागनं जाते."

ती कुंपणाशी माझ्यावर बसली. डबीतून तिकीट काढून तळहातावर घेतलं. आतून कुणी बाहेर आलं की ती अर्धवट उठायची आणि पुन्हा बसायची. बराच वेळ गेला. मग गुलाब एकटीच धापा टाकत आली.

"आई, बंद करायलेत. पंधराच मिन्टं राहिलीत. बाबा तितल्या साहेबाला बोलण्यात गुंतवून ठेवलेत. तू जा."

"आन् ह्याला कोण बगंल?"

"मी बसते की."

आणि गुलाब माझ्यावर बसली. गुडघे जुळवून, पिशवी मांडीवर घेऊन, हुबेहूब आईसारखी. मालन दोन पावलं गेली, वळली आणि लेकीकडे बघत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर असा राग मी दुष्काळातही बघितला नव्हता.

"ऊठ," ती म्हणाली. "ऊठ त्याच्यावरनं. तू न्हाय बसायचं."

"आन् होल्डॉल?"

"ऱ्हाऊ दे तितंच."

तिनं गुलाबचा हात धरला आणि दोघी आत गेल्या. घरातली सगळी अंथरुणं पोटात घेऊन मी परमुलखात, रस्त्याकडेला एकटा पडलो. एक कुत्रं येऊन हुंगून गेलं. खरं सांगतो, इतक्या वर्षांत मी इतका सुखात कधी नव्हतो.

ती बाहेर आली तेव्हा डोळे ओले होते. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. उजव्या हाताची बोटं डाव्या मुठीत धरून म्हणाली, "रॉकेटला हात लावून बगितला. गार हाय."

घरी परतल्यावर सारजाबाई मला न्यायला आली. "जपून आणलास न्हवं?"

"न्हाय," मालन म्हणाली. "टाकून गेलते." सारजाबाईला ती थट्टाच वाटली.

आता मालन नाही. ते तिकीट मात्र माझ्या उशीच्या खिशात आहे, तिनंच ठेवलेलं. मित्रांनो, वर्षातून एकदा मला झटकून ऊन दाखवलंत तर बरं वाटेल. न जमलं तरी चालेल. पण सहलीला जाल तेव्हा सामानावर कोण बसलंय तेवढं बघा आणि तिला हाताला धरून उठवा. सामानाची काळजी नको. ते थांबतं, मी थांबलो होतो.