चार नंबरचं टेबल

मारेगावात माझी खानावळ आहे. माझा मुलगा परवेज जहाजावरची वेटरची नोकरी सोडून घरी आला आणि आल्या आल्या मलाच शिकवू लागला.

"अब्बा, जहाजावर दोन रिवाज रायते. एकात रोज तेच टेबल, तीच खुर्ची. दुसऱ्यात वाटेल तिथं बसा. ठरलेली खुर्ची बरी. कोन नाई आलं ते लगेच समजते."

"हे मारेगाव हाये, समुंदर नाई," मी म्हणालो. तरी त्यानं टेबलांवर आणि खुर्च्यांवर नंबर रंगवलेच.

त्या साली कपाशी डोक्याएवढी उंच वाढली होती आणि अळी हटत नव्हती. चार नंबरच्या टेबलावर फवारणीचे चार मजूर जेवायचे. सोमवारी त्यातल्या देवानंदची खुर्ची रिकामी राहिली. विषारी औषध फवारता फवारता त्याच्या डोळ्यांपुढं अंधार आला होता. आता तो यवतमाळच्या दवाखान्यात होता. बुधवारी दुसरी खुर्ची रिकामी झाली. त्या खुर्च्यांकडे बघून बाकीची गिऱ्हाइकं अर्ध्या ताटावरून उठू लागली.

माझं डोकं फिरलं. "पुसून टाक तुहे नंबर! ज्याले जिथं बसाचं तिथं बसू दे!"

परवेजनं नंबर खरवडून काढले.

शुक्रवारी संध्याकाळी फवारणीवरून आलेल्या मजुरांनी खानावळ गच्च भरली. कोण आलं, कोण नाही, काही कळत नव्हतं. मला हायसं वाटलं. तेवढ्यात कोपऱ्यातून कुणी विचारलं, "चाचा, लाइट गेली काय? ताट दिसून नाई राह्यलं."

"इकडंबी अंधार हाये," दाराजवळून दुसरा म्हणाला.

मग मधल्या टेबलावरून तिसरा.

डोक्यावर सगळ्या ट्यूबलाइट लख्ख जळत होत्या.