बारा पट्ट्यांचा पक्षी

पाच मिनिटं

एनिड सग्डनने दोन्ही हात बगलेत दाबून धरले होते. बाहेर काढले की थरथरत. जानेवारीपासूनचं हे दुखणं. आधी चहाचा कप बशीवर वाजायला लागला, मग ब्रश हलायला लागला. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मँचेस्टरच्या या दूरचित्रवाणी केंद्रात अक्षरं रंगवणारी माणसं आता दोनच उरली होती, आणि तळमजल्यावर अक्षरं काढणारं नवीन यंत्र येऊन बसलं होतं.

समोर टेबलावर हेडली ऑर्मरॉडचा पक्षी. लाकडाच्या बारा पातळ पट्ट्या, काळे दोरे आणि मागच्या अरुंद फळीला एक दांडा. दांडा सात सेकंदांत फिरवायचा, म्हणजे विखुरलेल्या पट्ट्या गोळा होऊन पक्षी तयार होतो. १९५६ साली केंद्राचं पहिलं हलतं चिन्ह हेच होतं. ऑर्मरॉडने ते बनवलं आणि रोज संध्याकाळी ते हाताने फिरवलं एकोणीस वर्षांच्या एनिडने. त्याची फिल्म कधी निघालीच नाही. आज तीस वर्षं पूर्ण झाली म्हणून तोच पक्षी पुन्हा थेट दाखवायचा होता.

ऑर्मरॉड सॅलफर्डला घरी अंथरुणाला खिळला होता. त्याची बायको सकाळी फोनवर म्हणाली होती, "त्यांना एवढं बघू दे, एनिड. पुढचं बघायला बहुतेक नसतील."

तीन मिनिटं

"काय एनिड राणी, पक्ष्याला दाणे घातलेस का?" स्टुडिओ सांभाळणारा रसेल हातात पाटी घेऊन आला.

"तुझ्या वाटणीचे घातले."

"हात कुठे लपवलेस?"

"गार पडलेत."

"पडणारच. वय झालं."

तो हसत निघून गेला. त्याने पाहिलं तर नसेल? सकाळच्या तिन्ही तालमींत तिने नजर फक्त बोटांवर ठेवली होती. बोटं हलू नयेत म्हणून दात आवळून दांडा फिरवला होता. कडेच्या पडद्यावर कॅमेऱ्यातलं चित्र कसं दिसतंय ते तिने एकदाही पाहिलं नाही.

एक मिनिट

"शांत!"

शेवटच्या मिनिटाला स्टुडिओत कुणी बोलत नाही. खोकलासुद्धा गिळायचा. तीस वर्षांत एनिडने हा नियम एकदाही मोडला नव्हता.

पंचेचाळीस

तिने एकदाच पडद्याकडे पाहिलं. तालमीतला पक्षी अजून जोडलेलाच होता, पट्ट्या सोडायच्या बाकी होत्या.

पक्षी डावीकडे तोंड करून चालला होता.

तिच्या बाजूने, मागून, तो उजवीकडे जाताना दिसत होता. तो तसा नेहमीच दिसायचा, म्हणून तर तिला संशय आला नाही. पण घरोघरीही तो उजवीकडेच जायला हवा. "उजवीकडे म्हणजे पुढच्या कार्यक्रमाकडे," मिस्टर ऑर्मरॉड म्हणायचे. "डावीकडे गेला तर लोकांना वाटेल, झोपायला निघाला."

आरसा!

तेव्हाची खोली इतकी अरुंद होती की कॅमेरा समोर मावायचा नाही. तो बाजूला उभा राहायचा आणि मधे आरसा असायचा. म्हणून पक्षी मुद्दाम उलटा बनवला होता. आज स्टुडिओ मोठा, कॅमेरा थेट समोर. आरसा कुणाच्या ध्यानातच आला नाही.

तिच्यासुद्धा.

पस्तीस

तिने पट्ट्या सोडल्या. त्या विखुरल्या. बोलावं की...

तीस

"उलटा आहे," ती म्हणाली.

आवाज एवढा मोठा निघाला की रसेलच्या हातातली पाटी पडली.

"एनिड!"

"पक्षी उलटा आहे. मधे आरसा असायचा."

"पुस्तकात असाच आहे! डावीकडे!" रसेल दबक्या आवाजात ओरडला.

चित्रकलेच्या मुलांना ज्या पुस्तकातून हा पक्षी शिकवतात त्यात तो खरंच डावीकडे होता. फोटोवाल्याने थेट समोरून फोटो काढला होता. सगळी दुनिया पंधरा वर्षं उलटा पक्षी शिकत होती. सुलटा कसा हे आता फक्त दोघांना ठाऊक होतं. त्यातला एक अंथरुणावर, आणि दुसरी

वीस

ही. पुरावा काय? काहीच नाही.

"वॉल्टर," ती कॅमेऱ्यामागच्या म्हाताऱ्याला म्हणाली, "तो खटका. चित्राचं डावं-उजवं फिरवायचा. आहे ना अजून?"

"आहे. पण अगं, तुझी खात्री आहे ना? चुकलीस तर दोघंही घरी."

पंधरा

"खात्री आहे."

नव्हती. क्षणभर तिला आठवेनाच की उजवं कोणतं.

दहा

वॉल्टर खटक्यावरच्या झाकणाच्या स्क्रूशी झटत होता. रसेलने डोळे मिटून घेतले. एनिडने हात बगलेतून काढले. ते नुसते हलत नव्हते, फडफडत होते.

लाल दिवा

सात. दांडा घट्ट धरला.

सहा. पहिली पट्टी थरथरली.

पाच. सगळ्याच.

चार. आता अख्ख्या मुलखाला दिसतंय.

तीन. खटका वाजला का? पडद्याकडे बघता येईना, नजर काढली की दांडा सुटेल.

दोन.

एक. पट्ट्या जुळल्या. पक्षी थंडीत काकडल्यासारखा कापत उभा राहिला.

तेव्हा तिने पाहिलं. उजवीकडे.

नंतर

फोन आला तेव्हा ती अजून टेबलाला धरून उभी होती. मिसेस ऑर्मरॉड होत्या.

"एनिड, ते म्हणतात, बाजू बरोबर होती. आणि विचारतात, एवढे हात कुणाचे कापत होते?"

रसेल जवळच उभा होता. एनिडने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, तरी तो कानावर आपटत राहिला.

"माझे," ती म्हणाली. "जानेवारीपासून."

पलीकडे कुजबुज झाली. बराच वेळ.

"ते म्हणतात, मग आजच पक्ष्याच्या मागच्या फळीवर लिही. आरशाचं. तुम्ही दोघं गेल्यावर सांगायला कोण आहे?"

रसेलने पेन्सिल पुढे केली. वॉल्टरने येऊन फळी दोन्ही हातांनी धरली.

"फळी कशाला धरतोस?" एनिड म्हणाली. "ती कुठे हलतेय?"

तरी त्याने सोडली नाही. तिने टोक लाकडावर टेकवलं. पहिलंच अक्षर तिरपं गेलं.