अकरा सेकंदांचा सूर

फितीवरचा आवाज वाचणाऱ्या माझ्या धातूच्या तुकड्यावर एक खाच आहे. नखाला ती लागते. डोळ्यांना मात्र उजेडात तिरपे पाहिले तरच दिसते. तेहेतीस वर्षे फीत सरकून सरकून ती पडली. मित्रांनो, मी ध्वनिमुद्रणाच्या खोलीतला एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि ही खाच मी पदकासारखी मिरवतो.

मला तीन मोटारी आहेत. दोन मोटारी फितीची चाके ताणून धरतात, तिसरी फीत पुढे नेते. तिच्या दांड्याखाली एक जड चक्र फिरते, म्हणून माझा वेग डळमळत नाही: सेकंदाला अडतीस सेंटिमीटर. वेग डळमळला की सूरही डळमळतो. आमचे ध्वनिमुद्रक काका रोज सकाळी स्पिरिटच्या बोळ्याने मला पुसत. म्हणत, "आधी याचं तोंड धुवायचं, मग आपला चहा."

माझ्यावर मुद्रित झालेले सर्वांत सुंदर गाणे बावीस वर्षे कपाटात पडून होते. गायिका आत्याबाईंनी ते पियानोच्या साथीने एका बैठकीत गायले. शेवटचा सूर अकरा सेकंदांचा. त्याची नक्कल त्यांनी घरच्या छोट्या यंत्रावर ऐकली आणि फोन केला, "माझा सूर थरथरतोय. मी सांगेपर्यंत गाणं बाहेर काढू नका."

"इथे तर सरळ ऐकू येतोय," काका म्हणाले.

"मला बरं वाटावं म्हणून बोलताय तुम्ही."

त्यानंतर त्या गायल्या नाहीत. काका दरवर्षी विचारत. उत्तर ठरलेले: "बघू." पुढे संगणक आला आणि माझ्यावर कापड पडले.

गेल्या महिन्यात त्यांच्या भाचीने घरी तीच नक्कल त्याच यंत्रावर लावली. ऐकता ऐकता म्हणाली, "आत्या, पियानोही थरथरतोय की. तो कधीपासून दमायला लागला?"

भाचीने यंत्र उघडले. फीत ओढणारे रबरी चाक कडक होऊन एका बाजूने चेपले होते. दर फेरीला फितीला हिसका बसत होता.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना इथे घेऊन आली. काकांनी कापड काढले, मला पुसले, तेलाचा एक थेंब सोडला आणि मूळ फीत चढवली.

"आता म्हाताऱ्याचं ऐका."

"कोणत्या म्हाताऱ्याचं?" आत्याबाई म्हणाल्या.

मित्रांनो, यंत्र उघडून पुसायला-तपासायला पाच मिनिटे लागतात. ती कुणी दिली नाहीत, म्हणून एका माणसाने बावीस वर्षे स्वतःलाच दोष दिला. तुमच्या घरातल्या यंत्रांना ती पाच मिनिटे जरूर द्या.

मी फिरू लागलो. शेवटचा सूर आला. एक, दोन, तीन... अकरा. ओळंब्याच्या दोरीसारखा सरळ. पियानोही सरळ. त्या क्षणी माझ्याएवढा ताठ उभा असलेला यंत्रांत कुणी नसेल.

"पुन्हा लावा," आत्याबाई म्हणाल्या. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा त्या हलकेच स्वतःच्याच आवाजाबरोबर गुणगुणल्या.

काकांनी या वेळी काही विचारले नाही. आत्याबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"काढा बाहेर," त्या म्हणाल्या. "आणि माझं नाव मोठ्या अक्षरांत छापा."