यादीतली चंचल

रविवारी वृषालीनं टीव्हीवर एक सिनेमा पाहिला. मूल नसलेल्या जोडप्याच्या गच्चीवर ढगातून एक पोरगी उतरते आणि मग गावभर चमत्कार होतात. "असं कुठं असते का," असं म्हणत दत्तात्रयही शेवटपर्यंत बसून राहिला. दोघांच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. नागपूरचे तीन डॉक्टर आणि पांढुर्ण्याचा एक वैद्य करून झाले होते.

सोमवारी दत्तात्रयानं सौसरच्या ऑनलाइन केंद्रातून सरकारी कुटुंब-यादीची प्रत काढून आणली. नवरा-बायकोच्या खाली तिसरं नाव होतं: चंचल, मुलगी, वय पाच.

"चूक आहे. उद्या कटवून टाकतो."

"राहू द्या ना. कोनाचं काय खाऊन राहिली थे?"

यादीतल्या माणसाला खायला लागत नाही, हे खरंच होतं. नाव राहिलं. "चंचलले थंडी वाजून राहिली असन, पंखा बंद करा," वृषाली म्हणे. दत्तात्रय आधी चिडायचा. पुढं पुढं नुसता उठून पंखा बंद करायचा. सर्व्हेवाल्या बाईनं घरात माणसं किती विचारलं, तेव्हा त्यानंच सांगितलं, "तीन." सरकारी कागदाच्या विरोधात बोलू नये, एवढाच त्याचा हेतू होता म्हणे.

पुढच्या वर्षी जूनमध्ये लोधीखेड्याहून पूनम नावाची बाई आली. हाताशी सहा वर्षांची पोर.

"भाऊ, हे चंचल. इचं नाव तुमच्या घरी चढलं आहे. तिथून निघाल्याबिगर ॲडमिशन नाही म्हून राहिले शाळावाले. ताई, यादीवर नंबर तुमचा आहे, मोबाईल तुमचा लागते."

चौघं केंद्रात गेली. वृषालीच्या फोनवर ओटीपी आला. ती त्या आकड्यांकडे नुसती पाहत बसली. नंबर दहाच मिनिटं चालतो, हे केंद्रवाल्यानं दोनदा सांगितलं. चंचल खुर्चीवर पाय हलवत होती. तिच्या फ्रॉकचं मागचं बटण सुटलं होतं. वृषालीनं ते लावलं आणि आकडे सांगितले.

पडद्यावर शेवटचा प्रश्न आला: नाव कमी करण्याचं कारण. मृत्यू, विवाह, स्थलांतर, चुकीची नोंद.

"चुकीची नोंद," दत्तात्रय म्हणाला.

"नाही. स्थलांतर लिहा. लोधीखेड्याले," वृषाली म्हणाली.

केंद्रवाल्यानं दत्तात्रयाकडे पाहिलं. तो भिंतीवरचं दरपत्रक वाचत होता.

"तारीख काय टाकू, ताई? कधीपासून?"

"आजपासून."