तलावाचं बूच

कायद्यानं मालगुजारी, म्हणजे गावावरची जमीनदारी, जाऊन तीन वर्षं झाली होती. ही बातमी चांद्याहून सावलीला आली, सावलीहून गावात आली, फक्त जुने मालगुजार गुणवंतराव यांच्या खाटेपर्यंत पोचली नव्हती. तलाव सरकारचा झाला, पण तलावाच्या बांधावर, पाळीवर, पाणी सोडायच्या भोकाच्या अगदी वर, खाट अजून त्यांचीच. भोकात हातभर लांब सागवानी बूच. शेजारी लाठी घेऊन त्यांचा गडी लटारू.

पावसानं महिनाभर तोंड दाखवलं नव्हतं. धान निसवलेलं, दाण्यात दूध भरायची वेळ, आणि मंगलीच्या आईच्या बांधीत, भाताच्या खाचरात, पाऊल जाईल एवढ्या भेगा. दोन दिवसांत पाणी मिळालं नाही तर वर्षाचा भात गेला.

सकाळी आई रावांकडे हात जोडून आली. राव म्हणाले, "पाणी सोडलं की माझे शिंगाडे उघडे पडतात."

माझे! तेरा वर्षांच्या मंगलीच्या अंगाचा तिळपापड झाला. शिंगाडे लावायचे तिच्या धिवर लोकांनी, तोडायचे धिवरांनी, काट्यांनी बोटं फुटायची धिवरांची. रावांचं त्यात फक्त तोंड.

"मावशी, आज मी बूच काढतो," ती शिंगाडे तोडणाऱ्या कलाबाईला म्हणाली.

"लटारू काढू देईन का तुले?" कलाबाई म्हणाली.

"त्याले तू पाह्य. तोंड आहे ना तुले?"

भर दुपारी शिंगाडे तोडत बायका मंगलीला घेऊन पाळीशी आल्या. कमरेइतक्या पाण्यात कलाबाई ताठ उभी राहिली.

"काऊन लटारूभाऊ! तलाव राखून राह्यले, का बायकाइचे ओले लुगडे पाहून राह्यले? थांबा, तुमच्या शकुबाईलेच सांगतो!"

बायकोचं नाव निघताच लटारूनं गर्रकन पाठ फिरवली. रावांनीही परवाचा पेपर तोंडासमोर धरला. अब्रूदार माणूस.

मंगलीनं बुडी मारली. बूच फुगलेलं, हलेना. दगडानं एक ठोका. दुसरा. छाती फुटायला आली. मग 'माझे शिंगाडे' आठवले, आणि भिंतीला दोन्ही पाय लावून तिनं असा हिसका दिला की बूच हातात आलं. भोक आता तिचा हातच ओढू लागलं. हात सुटला, कोपराची कातडी तिथेच राहिली.

रोज पहिली टोपली रावांच्या घरी जायची. तिच्या तळाशी बूच गेलं, वर कोवळे शिंगाडे.

"लटारूभाऊ, मालकाची टोपली न्या. पण तोंड तिकडंच!"

लटारू उलट्या पावलांनी आला आणि टोपली डोक्यावर घेऊन पळत सुटला.

एवढ्यात पाळीपलीकडे पाटात पाणी गरजलं. राव खाटेवरून उडाले.

"चोरट्यांनो! बूच कुठाय?"

त्यांनी सगळ्या टोपल्या पालथ्या केल्या. नुसते शिंगाडे. आपल्या घरची टोपली तपासायची असते, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

"नवं करा, मालक," कलाबाई काळजीनं म्हणाली. "पण सागवान तोडाले जंगलाच्या नाक्यावर अर्ज लागते. जंगल बी सरकारचंच झालं म्हन्ते."

मंगली पाटाच्या कडेनं धावत सुटली. मागे राव. पाणी दोघांच्याही पुढे. बांधीत भेगा घटाघटा पीत होत्या, आणि आई धानात उभी राहून त्या भेगांकडे पाहत होती.

"माझं पाणी!" राव ओरडले.

मंगली वळली. कोपरातून रक्त, डोळ्यांत अंगार.

"तुमचं असन, तर हाक मारा. येते का पाहू वापस."

रावांनी एक पाऊल पुढे टाकलं. वहाण चिखलात रुतली, आणि ती काढून द्यायला लटारू जवळ नव्हता.