पक्षातली जाहिरात

"गाडी नको मला, तुमच्या मालकाला फोन द्या! अक्कल गहाण टाकलीय का त्याने?"

सकाळपासूनचा हा सातवा फोन. मी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला. सहदेव गाडीची काच पुसता पुसता हसत होता. हसायला काय जातंय मेल्याचं!

झालं होतं असं. मुलुंडला आमचं जुन्या गाड्यांचं दुकान. गाड्या दाखवायला सहदेव, टेबलावर आणि फोनवर मी, सुगंधा. करोनात धंद्याची पार वाट लागली. आता बाजार सुधारलाय, लोक गाड्या घेताहेत, पण हायवेवरच्या मोठ्या शोरूममधून. मोबाइल उघडला की त्यांच्याच जाहिराती नाचतात. आमचे हर्षदशेठ म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघतो, नाहीतर जागा क्लासवाल्यांना देतो." माझ्या नवऱ्याची, लवूची, कंपनी करोनातच बंद पडलेली. घर माझ्या पगारावर, स्वयंपाक आणि माझा डबा त्याच्याकडे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला कोण नोकरी देणार होतं, डोंबल?

शेवटचा उपाय म्हणून शेठनी पेपरात घालायची पत्रकं छापली. प्रेसवाल्याने निम्म्या दरात करून दिली, शेठ खूश. स्वस्त का, ते कोणी विचारलंच नाही. पितृपक्षात जाहिरात करतो कोण? प्रेस रिकामीच होती! आणि पक्षाच्या पहिल्याच दिवशी सकाळच्या चहाबरोबर घरोघरी आमचं पत्रक पोचलं: 'शुभ मुहूर्त! आजच चावी घ्या!'

आठवा फोन वाजला.

"गो बाय, म्हाळात गाडी घेतत काय कोण? तुमका घराक मोठी माणसा नाय?"

गाववाले निघाले! माझा राग कुठल्या कुठे पळाला. "काका, घेव नकात. नुसती बघूक येवा. बघल्यार पितर रागावतत काय?"

काका पलीकडून खोकून म्हणाले, "लाल रंगाची आसा काय?"

तिथे माझी ट्यूब पेटली. शिव्या द्यायला का होईना, माणसं आपणहून फोन करत होती. ज्या घरात गाडीचा विषय निघालाय, तिथेच हे पत्रक वाचलं जाणार ना? नाहीतर त्यावर पोहे खाऊन मोकळे होतात लोक. मग मी प्रत्येकाला तेच सांगायला लागले, "चुकलं हो आमचं. आता टोकनही नको. घटस्थापनेला सकाळी या, वेळ देते. नाव लिहून ठेवते."

पक्षभर माणसं येत राहिली. हात मागे बांधून गाडीभोवती फिरायची, स्टिअरिंगला शिवायचीही नाहीत. वहीत पंधरा नावं झाली.

"नावं लिहून दुकान चालतं का, सुगंधाबेन?" शेठ म्हणाले. रात्रीची झोप तर माझीही उडाली होती.

घटस्थापनेला दाराला तोरण लावलं. नऊची वेळ दिलेले आले नाहीत. साडेनऊचेही नाहीत. दहा वाजले तेव्हा सहदेवही हसायचा थांबला. शेठनी क्लासवाल्यांना फोन लावायला मोबाइल हातात घेतला.

सव्वादहाला दारात रिक्षा थांबली. आठव्या फोनवाले अनंताकाका उतरले, मागून नारळ घेतलेल्या रत्नप्रभाकाकू.

"उशीर झालो. घरचो घट बसवल्याशिवाय भायर कसा पडतलंव?"

अरे देवा! सगळ्यांच्याच घरी घट होते की! आणि मी शहाणी नऊच्या वेळा वाटत बसले होते.

अकरानंतर मग रीघच लागली. संध्याकाळपर्यंत बारा गाड्या ठरल्या. शेठनी आमच्या समोरच फोन लावला आणि क्लासवाल्यांना स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. सहदेवने खुर्चीत अंग टाकून डोळे मिटले. मला तर हसावं की रडावं तेच कळेना.

काका निघताना जवळ आले. "त्या दिवशी मी तुका इतक्या बोललंय. फोन कित्याक नाय आपटलंस?"

"काका, दोन वर्षांत आमका कोणी शिव्या घालूकसुद्धा फोन करूक नव्हतो."

घरी पोचले तर लवू दारातच उभा. काय झालं, हे विचारायचा त्याला धीर होईना. मी चपला काढल्या, ओट्याशी जाऊन घटाघटा पाणी प्यायले.

"उद्या डब्याला काय देशील?" मी विचारलं.

तो पिठाचा डबा खाली काढून किती पीठ आहे ते बघत राहिला, बराच वेळ, माझ्याकडे पाठ करून.